आत्मप्रीती आणि संसार

स्वतःवरच लुब्ध असलेला मनुष्य हा आपल्या नाटकांतून आणि प्रहसनांतून पुष्कळदा हास्याचा विषय झालेला आहे. तो सभेत भेटला तर करमणूक होते, कचेरीत भेटला तर त्रास होतो. पण तोच जन्माचा जोडीदार म्हणून घरात आला म्हणजे काय होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. आज त्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

ग्रीक पुराणकथेतील नार्सिसस पाण्यातील आपल्याच प्रतिबिंबावर भाळला, हे सर्वश्रुत आहे. रोमन कवी ओव्हिड याने सांगितलेल्या त्या कथेत एको नावाची एक वनदेवताही आहे. तिची आठवण मात्र थोड्यांनाच राहते. तिला आपणहून बोलता येत नसे. दुसऱ्याच्या वाक्यातील शेवटचे शब्द तेवढे ती उच्चारी. नार्सिससवर ती अनुरक्त झाली, त्याने तिला झिडकारले आणि झुरता झुरता ती केवळ आवाज होऊन उरली.

मानसशास्त्राने नाव उचलले ते नार्सिससचे. फ्रॉइडने १९१४ साली या वृत्तीवर निबंध लिहिला. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 'नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर' या नावाने तिला विकारांच्या अधिकृत सूचीत स्थान दिले. आपण तिला आत्मप्रीतीची विकृती म्हणू. मोठेपणाच्या अवास्तव कल्पना, स्तुतीची न भागणारी भूक, आपणास विशेष हक्क आहेत ही धारणा, इतरांचा साधनासारखा उपयोग, त्यांच्या भावनांविषयी अनास्था, अशी नऊ लक्षणे सध्याच्या सूचीत आहेत; त्यांपैकी निदान पाच स्वभावात दृढमूल असावी लागतात. तेव्हा आरशापुढे अंमळ अधिक वेळ काढणारा प्रत्येक नवरा अथवा प्रत्येक बायको या वर्गात बसत नाही. अलीकडे भांडण झाले की जोडीदारास हे नाव बहाल करण्याची चाल पडली आहे. ती मला घातक वाटते. कारण तिच्यामुळे जो खरोखर पोळलेला आहे त्याचे बोलणेही कोणी मनावर घेत नाही.

अशा व्यक्तीची निवड होतेच कशी, असे कोणी विचारील. डेलरॉय पॉल्हस या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे लहान लहान गट चर्चेसाठी सात वेळा एकत्र आले. पहिल्या भेटीअखेर स्वतःस थोर मानणारे विद्यार्थी इतरांस कर्तबगार आणि मनमिळाऊ वाटले. सातव्या भेटीअखेर त्यांच्याविषयीचे मत पार उलटले होते. आपल्याकडील मुलगी पाहण्याचा कार्यक्रम तर एकाच बैठकीचा! त्यात ऐटीने बोलणारा मुलगा अथवा चटपटीत मुलगी सर्वांवर छाप पाडून जाते, यात नवल ते काय?

पुढे संसार सुरू होतो. पत्नी तापाने फणफणलेली आहे. पती घरी येतो आणि साहेबांनी आपली पाठ कशी थोपटली याचे तासभर वर्णन करतो. तो मुद्दाम छळतो आहे असे नव्हे. तिचा ताप त्याच्या दृष्टीस पडलेलाच नाही. पण पुढच्याच महिन्यात तिला बढती मिळते आणि तो चार दिवस अबोला धरतो. या माणसाचे मोठेपण वरून भक्कम दिसले तरी आतून काचेचे असते, हे येथे ध्यानात येते. कौतुक होते तोवर माया, शब्दभर टीका झाली की संताप. भूमिका उलट करून पाहा, पत्नी तशी असली तर पतीची गत निराळी होत नाही. हळूहळू दुसरे माणूस काय बोलावे यापेक्षा काय बोलू नये याचाच हिशेब करू लागते. 'तू असे म्हणालास' असे सांगितले की 'मी म्हणालोच नाही' हे उत्तर इतक्या ठामपणे येते की, स्वतःच्या स्मरणाचाही भरवसा वाटेनासा होतो. हीच ती एकोची अवस्था.

अमेरिकेतील १४६ नवविवाहित जोडप्यांची पहिल्या चार वर्षांत सहा वेळा पाहणी करून २०१६ साली काही निष्कर्ष मांडण्यात आले. ही सारी सामान्य माणसे होती, रोगी नव्हेत. त्यांची आत्मप्रीती केवळ प्रश्नावलीने मोजली होती. जेथे पत्नीच्या ठायी ती अधिक होती, विशेषतः हक्क गाजविण्याची वृत्ती, तेथे समाधान अधिक वेगाने घटत गेले. पतींच्या आत्मप्रीतीचा मात्र फारसा परिणाम आढळला नाही. कारण काय असेल? पुरुषाचा ताठा समाजाने आधीच गृहीत धरलेला असतो, हे एक कारण मला संभवनीय वाटते. पण तो माझा तर्क.

आता घटस्फोटाचा प्रश्न. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका विस्तृत पाहणीत ही विकृती शेकडा सहाहून किंचित अधिक लोकांत आढळली, आणि विभक्त, घटस्फोटित वा विधुर-विधवा यांच्यात तिचे प्रमाण जास्त दिसले. त्याच माहितीची २०१० साली अधिक कडक कसोटीने छाननी झाली, तेव्हा सहाचा आकडा एकाच्या आसपास आला. शिवाय सेंट लुइस शहरातील ५५ ते ६४ वर्षे वयाच्या १,२४१ रहिवाशांच्या अभ्यासात, जो २०१२ साली प्रसिद्ध झाला, घटस्फोटांच्या संख्येशी सातत्याने जुळणारी लक्षणे निघाली ती संशयी आणि नाटकी स्वभावांची. आत्मप्रीती त्या यादीत नव्हती. म्हणून 'असे लग्न मोडणारच' हे भाकीत मला मान्य नाही. स्तुती पुरविणारे माणूस सुखासुखी कोण सोडील? आणि पुरविणाऱ्याला आपण सोडून जाऊ शकतो हेच आठवेनासे झालेले असते. कित्येक संसार टिकतात ते या कारणाने. घटस्फोटांच्या मोजदादीत त्यांचे दुःख कोठेच उमटत नाही.

ज्यांना बाहेर पडावयाचे असेल त्यांनी हे जाणून असावे की, आपल्या न्यायालयांत विकाराचे केवळ नाव पुरत नाही. स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली विकाराची तीव्रता पाहिली पाहिजे असे म्हटले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता हे घटस्फोटाचे कारण ठरले आणि मानसिक क्रूरताही त्यात धरली जाते. मात्र २००७ च्या एका निकालात याच न्यायालयाने नुसता मत्सर, स्वार्थ वा मालकीची भावना यांना क्रूरतेहून वेगळे काढले. दीर्घकाळ चाललेली मानहानी आणि बुद्धिपुरस्सर उपेक्षा यांना मात्र क्रूरतेत स्थान दिले. ही मानहानी बहुधा चार भिंतींच्या आत, साक्षीदाराविना होते. म्हणून तारखा, पत्रे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले प्रसंग वेळीच टिपून ठेवावेत, आणि ती वही आपल्या विश्वासाच्या माणसाच्या घरी ठेवावी.