पैसा मुरू द्यावा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या गृहिणीने पैशावर काय बोलावे? पण घरखर्चातून चार पैसे मागे टाकतो आपणच. ते डब्यात ठेवले तर महागाई खाते.

एक सोपा हिशेब सांगते. ७२ ला व्याजाच्या दराने भागावे. तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. ८ टक्क्यांनी ९ वर्षे. म्हणून ‘वर्षात दुप्पट’ म्हणणाऱ्यास दारातूनच नमस्कार करावा.

लवकर लागणारा पैसा बँकेत वा पोस्टात ठेवावा. पंधरा वर्षांनी लागणारा पी.पी.एफ. मध्ये. त्याखेरीज झेपेल तेवढा, दरमहा थोडा, इंडेक्स फंडात. तो उतरतोही. २००८ साली सेन्सेक्स २० हजारांवरून १० हजारांखाली आला. २०१० अखेर पुन्हा २० हजारांवर गेला. घाबरून विकले त्यांचे बुडाले, थांबले त्यांचे राहिले. लोणचे मुरेपर्यंत बरणी ढवळू नये.

शेवटचे, पण महत्त्वाचे. खात्यावर आपलेही नाव असावे, वारस नोंदवावा, कागद कुठे आहेत ते ठाऊक असावे. दुःखाच्या दिवसांत कचेऱ्यांचे उंबरठे झिजविण्याची पाळी कोणाही भगिनीवर येऊ नये.