शिडाच्या जहाजांची लढाई



काल सायंकाळचे व्याख्यान आटोपून आम्ही घरी निघालो असता एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस वाटेत गाठले आणि म्हणाले, “उद्या आपण जहाजांच्या लढाईवर बोलणार आहात ना? मग एवढे सांगाच. आंग्र्यांचे आरमार जर इतके जबरदस्त होते, तर ते एका दिवसात जळून खाक कसे झाले?” प्रश्न वर्मी लागणारा होता. त्याचे उत्तर देण्याचा आजचा प्रयत्न आहे. पण त्यासाठी कोकणात येण्याआधी आपल्याला थोडे दूर, स्पेनच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन यावे लागेल.

शिडाच्या जहाजाची लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तोफा येतात. वास्तविक पहिली लढाई वाऱ्याशी असे. मोठ्या चौकोनी शिडांच्या जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. वारा ज्या बाजूने येतो तिच्या डाव्या-उजव्या हाताला साधारण 65 ते 70 अंशांचा टापू त्याला बंद असतो. तिकडेच जायचे असेल तर घाटातल्या रस्त्यासारखी वळणे घेत, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, असे जावे लागे. आणि घाटातल्या बैलगाडीइतकाच वेळ लागे. म्हणून दोन आरमारे एकमेकांस दिसली की सकाळचे कित्येक तास, कधी कधी दोन-दोन दिवस, वाऱ्याकडची बाजू पटकावण्यात जात. ज्याच्या पाठीशी वारा, त्याने ठरवायचे की आज लढायचे की नाही. शिवाय तोफांचा धूर वाऱ्याबरोबर शत्रूच्या डोळ्यांत जाई. परंतु वारा जोराचा असला तर हेच जहाज शत्रूच्या बाजूला कलंडे आणि खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकत. त्या उघडल्या तर समुद्र आत येई. म्हणजे सर्वांत मोठ्या तोफा ऐन वेळी मुक्या! उलट वाऱ्याखालच्या बाजूला असणाऱ्यास, मोडतोड झालीच तर वाऱ्याबरोबर निसटून जाता येई. आम्हांस यात गंमत वाटते ती ही, की समुद्रावर कोणताही फायदा निर्भेळ मिळत नाही.

दुसरी गोष्ट तोफांची. त्या जहाजाच्या दोन्ही कुशींत, ओळीने. पुढे नाळेवर दोन-चार, मागे दोन-चार. तेव्हा जहाज समोर पाहून चालते, पण लढते मात्र कुशीने. यातूनच एकामागे एक जहाजांची रांग करून, शत्रूच्या रांगेला समांतर जात भडिमार करायचा, अशी रीत सतराव्या शतकात युरोपात पडली. रीत शिस्तीची खरी, पण दोन्ही रांगा दिवसभर एकमेकींस झोडपत आणि सायंकाळी निकाल फारसा लागलेला नसे.

ही रीत मोडण्याचे धाडस 21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्रफाल्गारच्या भूशिराजवळ नेल्सनने केले. त्याची जहाजे 27. फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून 33. वारा पश्चिमेचा आणि अगदी मंद. नेल्सनने आपल्या दोन रांगा केल्या आणि शत्रूच्या लांबलचक रांगेवर जवळजवळ काटकोनात घातल्या. हे ऐकायला सोपे वाटते. पण विचार करा. माणूस चालतो त्या गतीने जहाज पुढे सरकते आहे, शत्रूच्या कुशीतल्या तोफा त्याच्या नाळेवर रोखलेल्या आहेत, आणि त्याला स्वतःला उत्तर देता येत नाही. त्याच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर अशा स्थितीत गोळे पडत राहिले. सुकाणूचे चाक उडाले, तेव्हा खाली माणसे लावून हातांनी सुकाणू ओढून जहाज वळवावे लागले. नेल्सनचा चिटणीस त्याच्या डोळ्यांदेखत ठार झाला. हा जुगार त्याने खेळला, कारण वर्षानुवर्षे बंदरांत कोंडलेल्या फ्रेंच गोलंदाजांना हलत्या जहाजावरून नेम धरण्याचा सराव नाही, हे त्याला ठाऊक होते.

मग ‘व्हिक्टरी’ फ्रेंच सेनापती व्हिलनव याच्या ‘ब्यूसांतॉर’ जहाजाच्या पिछाडीमागून गेले. जहाजाची कूस जाड ओकच्या फळ्यांची. पिछाडी मात्र नक्षीकामाची आणि काचेच्या खिडक्यांची, कारण तिथे सरदारांच्या खोल्या. त्या काचांतून शिरलेला गोळा अडवायला काही नाही. तो जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तोफा उलथवीत, माणसे कापीत जातो. ‘व्हिक्टरी’ची प्रत्येक तोफ त्या खिडक्यांसमोर आली तसतशी उडत गेली आणि ‘ब्यूसांतॉर’चा कणा त्या एका फेरीतच मोडला.

आता ‘व्हिक्टरी’च्या खालच्या मजल्यावर क्षणभर उतरू. उंची एवढी कमी की उंच माणसाला वाकूनच चालावे लागे. तिथल्या एका तोफेचे वजन तीन टनांच्या आसपास, गोळा साडेचौदा किलोंचा. बार उडाला की तोफ मागे उसळे. दोरखंडांनी ती आवरायची, ओल्या बोळ्याने नळी पुसायची, दारूची थैली, गोळा, बोळा ठासायचा, दोर ओढून तोफ पुन्हा खिडकीबाहेर काढायची. तरबेज इंग्रज तुकडी हे सारे दीड-दोन मिनिटांत करी. दारूच्या थैल्या खालून आणणारी कित्येक तर पोरेच असत. रक्तावरून पाय घसरू नये म्हणून जमिनीवर आधीच वाळू पसरलेली. गोलंदाज लाटेचा हिशेब ठेवी : कूस वर उचलली जात असता बार काढला तर गोळा डोलकाठ्यांत आणि शिडांत, खाली येत असता काढला तर लाकडी अंगात. फ्रेंचांचा कल पहिल्याकडे, इंग्रजांचा दुसऱ्याकडे. आणि सर्वांत अधिक माणसे गोळ्याने नव्हे, तर गोळ्याने उडवलेल्या लाकडाच्या ढलप्यांनी घायाळ होत.

दुपारी सव्वा वाजण्याच्या सुमारास शेजारी भिडलेल्या ‘रेदूताब्ल’च्या डोलकाठीवरून एका बंदूकधाऱ्याने नेल्सनला टिपले. साडेचारला तो वारला, तेव्हा लढाई जिंकल्याचे त्याला कळलेले होते. सतरा जहाजे हाती लागली. लढाईत पूर्ण नष्ट झाले ते एकच, ‘अशील’, तेही आगीने. लाकडी जहाज गोळ्यांनी सहसा बुडत नाही, त्याला भीती आगीची, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे वादळ उठले आणि जिंकलेल्या सतरांपैकी जेमतेम चार जिब्राल्टरला पोहोचली.

आता कोकणात येऊ. आंग्र्यांनी अशी रांग धरून लढाई कधी केली नाही, म्हणून काही इंग्रज लेखकांनी त्यांस नुसते चाचे ठरवले, आणि आपल्यातल्या काहींना तेवढ्याने उगाच ओशाळल्यासारखे होते. आम्हांस दोन्ही गोष्टी चुकीच्या वाटतात. ज्याचा समुद्र जसा, तशी त्याची लढाई. कोकणचा किनारा खाड्यांचा, उथळ पाण्याचा. आंग्र्यांची गुराबे दोन-तीन डोलकाठ्यांची, पाण्यात कमी बुडणारी, आणि त्यांच्या मोठ्या तोफा नाळेवर, पुढे रोखलेल्या. बरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते. वारा पडला की विलायती जहाज जागच्या जागी खिळे; मग गलबते गुराबांना दोर लावून ओढीत आणि नेमकी त्याच्या पिछाडीला आणून उभी करीत. तिथून शिडे व डोलकाठ्या फोडायच्या, आणि जहाज पंगू झाले की चहूबाजूंनी माणसे चढवायची. पिछाडीवर मारा करण्याचे जे मर्म नेल्सनने जीव पणाला लावून साधले, ते आमचे कोळी-भंडारी वल्ह्यांच्या बळावर त्याच्या किती तरी आधी साधत होते! खांदेरीस 1679 साली इंग्रजांनी वेढा घातला तेव्हाही शिवाजी महाराजांच्या लहान होड्या रात्री वल्हवीत रसद पोहोचवीत राहिल्या आणि इंग्रजी जहाजे वाऱ्याची वाट पाहत राहिली. 1754 साली तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराने डचांच्या तीन जहाजांपैकी दोन जाळली व एक पकडले.

मात्र अभिमानाच्या भरात एक गोष्ट लपवू नये. ही रीत चाले ती एकट्या-दुकट्या जहाजावर आणि मोकळ्या पाण्यात. साठ-सत्तर तोफांची अनेक जहाजे एकत्र, वाऱ्यासकट आली, तर तिच्यापाशी उत्तर नव्हते. हल्ला न करता पांगून जाणे, एवढाच उपाय.

आणि 12 फेब्रुवारी 1756 रोजी नेमके तेही करता आले नाही. नानासाहेब पेशवे आणि तुळाजी यांचे वैर विकोपाला गेलेले. पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केलेला. जमिनीकडून पेशव्यांची फौज. तुळाजी स्वतः तहाच्या बोलण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेलेला. आरमार विजयदुर्गच्या खाडीत, किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयाला, जहाजाला जहाज बांधून उभे. दुपारी ॲडमिरल वॉटसनची जहाजे शिडे भरून खाडीच्या तोंडाशी आली आणि नांगर टाकून त्यांनी किल्ल्यावर मारा सुरू केला. गुराबांना वळायला जागा नाही, वल्ह्यांना वाव नाही, पिछाडी गाठायची तर कोणाची? एक गोळा ‘रेस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज मूळचे इंग्रजांचेच, आंग्र्यांनी पूर्वी जिंकून आणलेले. त्याने पेट घेतला, आणि दोरांनी बांधलेल्या शेजारच्या जहाजांवर आग चालत गेली. संध्याकाळपर्यंत आंग्र्यांनी उभे केलेले आरमार खाडीच्या पाण्यावर जळत होते, आणि किनाऱ्यावर उभी असलेली फौज मराठ्यांचीच होती.