सहा कळ्यांची हवाई छत्री
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझी जागा मागे, चहाच्या पातेल्यापाशी असते. यंदा चिटणीसबाईंनी मला तेथून उठवून येथे आणून उभे केले. मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही. पण जे सांगणार आहे ते माझ्या हातून गेलेले आहे, म्हणून धीर केला.

माझा थोरला तंत्रनिकेतनात शिकतो. त्याला व त्याच्या चार मित्रांना लहान अग्निबाण उडविण्याचा छंद लागला आहे. दिवाळीतला बाण नव्हे. जाड कागदाची हातभर नळी, टोकाला निमुळती टोपी, खाली तीन पंख आणि पोटात तयार मिळणारे छोटे इंजिन. त्यांचे सर जातीने उभे राहून हे उडवून घेतात. बाण वर गेला की इंजिनातलीच थोडी दारू उलट बाजूस पेटते, टोपी ढकलली जाते आणि आतली हवाई छत्री बाहेर पडते. छत्री उघडली तर बाण अलगद उतरतो आणि पुन्हा उडविता येतो.

आणि नाही उघडली तर? ते मी डोळ्यांनी पाहिले. गेल्या वर्षी डिसेंबरात त्यांचा पहिला बाण पाहायला आम्ही सारी माळावर गेलो होतो. छत्री प्लॅस्टिकच्या पिशवीची होती व आदल्या रात्रीच घडी घालून नळीत कोंबलेली होती. थंडीने त्या प्लॅस्टिकची वडी झाली. बाण सरळ खाली आला आणि जमिनीत रुतला. माझी धाकटी तेथून पाच पावलांवर उभी होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी मुलाला म्हटले, "बाण तुझा, पण छत्री मी शिवणार." त्याचा एक मित्र हसून म्हणाला, "काकू, यात गणित असतं." मी म्हटले, "असू दे. गणित तुम्ही करा, शिवण मी करते."

भगिनींनो, आपण इचलकरंजीच्या बायका. मागांच्या खडखडाटात आपला जन्म गेला. कापड बोटांत धरले की कळते. प्रथम मी मलमलीची छत्री शिवली. ती झरझर खाली आली, कारण मलमलीतून वारा आरपार जातो. मग घरातल्या मोडक्या छत्रीचे नायलॉनचे कापड काढले. ते घट्ट विणीचे, हलके आणि घडी धरून न बसणारे. परकराला लावतो तशा सहा कळ्या कापल्या. प्रत्येक शिवणीच्या टोकाला एक, अशा सहा बारीक दोऱ्या लावल्या. मधोमध रुपयाएवढे भोक ठेवून त्याला गोट मारला.

हे भोक कशाला, असे मीही विचारले होते. मुलाने सांगितले की १७९७ साली पॅरिसमध्ये गार्नरॅं नावाच्या माणसाने बलूनमधून रेशमी छत्री घेऊन उडी घेतली. तिला वर भोक नव्हते. कोंडलेली हवा कधी या काठाने, कधी त्या काठाने निसटे आणि खालची टोपली पाळण्यासारखी झोके खाई. माणूस वाचला, पण हाल फार झाले. मधून थोडी हवा वाट काढून गेली की छत्री स्थिर राहते. दोनच वर्षांनी, १७९९ साली, जान लाब्रोस या बाईने अशी उडी घेतली. पुढे ती त्याची पत्नी झाली. हवाई छत्रीने उतरलेली ती पहिली स्त्री.

आता परीक्षा. आमच्या गच्चीवरून दोरीला वजन बांधून खाली सोडले, तेव्हा उंची चाळीस फूट, म्हणजे बारा मीटर भरली. इंजिन जळून गेल्यावर बाणाचे वजन १२० ग्रॅम राहते, म्हणून तेवढ्या वाळूची पुरचुंडी बांधली. नुसती पुरचुंडी टाकली तर दीड सेकंदात खाली. मुलांनी हिशेब केला, ताशी पन्नासपेक्षा जास्त किलोमीटर वेग! चोवीस इंची छत्री बांधली तेव्हा जवळजवळ चार सेकंद लागले. मला आनंद झाला, पण मुले म्हणाली, "काकू, ही फार हळू येते. दीडशे मीटरवरून यायला तिला पाऊण मिनिटाहून जास्त लागेल आणि वारा बाणाला पार ओढ्यापलीकडे नेईल." तेव्हा समजले की मोठी ती चांगली असे नाही. घेर दुप्पट केला तर कापड चौपट लागते आणि वेग निम्मा होतो. शेवटी अठरा इंची ठरली. ती तीन सेकंदांत उतरे.

मी एक अट घातली. ओळीने दहा वेळा नीट उघडल्याशिवाय बाण उडवायचा नाही. एकदा उघडली तर तो योग असू शकतो. दर वेळी कापडाला थोडी टाल्कम पावडर लावायची म्हणजे घड्या चिकटत नाहीत, दोऱ्या विंचरून घ्यायच्या आणि गुंडाळून सोडायची. सहाव्या वेळी एका दोरीची टीप उसवली. ती मी रात्री दिव्याखाली पुन्हा घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून मोजणी. दहाच्या दहा वेळा छत्री उघडली. मुलांनी टाळ्या पिटल्या. उड्डाण दुसऱ्या सकाळी ठरले, सरांची परवानगी झाली, एक मित्र त्यासाठी गावाहून येऊन राहिला.

पण छत्री उतरताना एका अंगाला कलत होती. सारे घड्याळाकडे बघत होते, त्यामुळे ते मला एकटीलाच दिसले. संध्याकाळी मी छत्रीचे टोक खिळ्याला अडकवून सहाही दोऱ्या एकत्र ओढल्या. मी लावलेली दोरी दोन बोटे लांब होती. घाईत टेप न घेता वितीने मोजली होती.

मैत्रिणींनो, खरे सांगते, गप्प बसावे असे मनात आले. दहा वेळा उघडलीच होती. चूक सांगितली तर दिवस जाणार, मुलगा रागावणार आणि "सातवी पास बाई, तिला काय जमणार," असे म्हणायला तोंड मिळणार. पण गच्चीवरून टाकणे वेगळे. वरती छत्री दणक्याने उघडते, त्यात ढिल्या दोरीचा काठ आत दुमडून गुंता झाला तर? डोळ्यांपुढे ती पाच पावले आली. मी मुलाला हाक मारली आणि दोरी दाखविली.

तो रागावला. दिवसभर बोलला नाही. उड्डाण एक आठवडा पुढे गेले. मी सहाही दोऱ्या काढून नव्या लावल्या, या वेळी टेपने मोजून. पुन्हा दहा परीक्षा झाल्या. मग सकाळी वारा पडलेला असताना बाण उडाला. वर गेला, एक पुसट पुटपुटता आवाज झाला आणि आभाळात माझी छत्री फुलली. बाण शंभर पावलांवर ज्वारीच्या धसकटांत उतरला. एका पंखाचा टवका उडाला, एवढेच. आम्ही सगळी, धाकटीसुद्धा, लांब बांधावर उभी होतो. ज्या मित्राने गणिताचे सांगितले होते, तो छत्री उचलून माझ्याकडे आला व म्हणाला, "काकू, पुढचीपण तुम्हीच शिवा."

मागाहून मुलाने मला केटे पाउलुस या जर्मन बाईची गोष्ट सांगितली. ती मुळात शिवणकाम करणारी. तिने घडी घालून पिशवीत ठेवण्याची हवाई छत्री तयार केली आणि पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी सुमारे सात हजार छत्र्या पुरविल्या. आपल्या गगनयानालाही दहा छत्र्या आहेत. माणूस बसविण्याआधी २४ ऑगस्ट २०२५ रोजी हेलिकॉप्टरमधून सुमारे तीन किलोमीटरवरून जवळजवळ पाच टनांचे रिकामे यान सोडून त्या पारखून घेतल्या. म्हणजे आमच्या गच्चीवर चालले होते ते पोरखेळ नव्हते.

आपण रोज शिवतो, उसवतो, पुन्हा शिवतो. त्यात लाज कसली? उसवण्याची लाज धरली तर शिवण कच्ची राहते, एवढेच मला सांगायचे होते. ज्या बहिणींना मोडक्या छत्र्या टाकून द्यायच्या असतील त्यांनी त्या माझ्याकडे द्याव्यात. मुले आता मोठा बाण करणार म्हणतात.

चहा निवत असेल.