रामाचा दरवाजा आणि आपला उंबरा
(पंचवटीतल्या बैठकीत केलेलं भाषण)



इथून हाकेच्या अंतरावर काळाराम मंदिर. २ मार्च १९३० ला आपले आजे-पणजे त्या दरवाजाशी गेले. दरवाजा बंद. वर्षानुवर्षं लढले. मग १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी तो धर्मच सोडायची घोषणा केली. दार कसं लावतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणूनच आज मी आपल्याच उंबऱ्याबद्दल बोलणार आहे.

अमेरिकेत मार्लन रिग्ज नावाचा काळा माणूस होऊन गेला. पुरुषावर प्रेम करणारा. १९८९ साली त्यानं 'टंग्ज अनटाइड' हा लघुपट काढला. पंचावन्न मिनिटं. हिरो नाही, गोष्ट नाही. कविता, नाच आणि थेट आपल्याकडं बघून बोलणारी माणसं. एका जागी पडदाभर नुसती तोंडं. एक पाद्री पाप पाप म्हणून ओरडतो. एक क्रांतिकारक विचारतो, तू आधी काळा की आधी समलिंगी? ओळखीचा वाटला ना सवाल? आपणही म्हणतो, आधी जात, बाकीचं नंतर.

१९९४ ला एड्सनं तो गेला. शेवटचा चित्रपट त्यानं हॉस्पिटलच्या खाटेवरून केला, साथीदारांनी पुरा केला. त्यात आजीच्या हातचं गंबो नावाचं कालवण आहे. सगळं एकाच भांड्यात शिजतं, कुणाला बाहेर काढत नाहीत. त्याला काळेपण म्हणजे हेच म्हणायचं होतं.

आपल्याकडं काय? 'जोगवा' (२००९) आठवा. पोराला लुगडं नेसवायचं, यल्लमाला सोडायचं. देवीचा म्हणून पाया पडायचं, माणूस म्हणून घरात घ्यायचं नाही. ही भक्ती नव्हे, हकालपट्टी आहे.

आणि मी? आमच्या वस्तीत एक पोरगा होता. जयंतीच्या मिरवणुकीत बेभान नाचायचा. पोरांनी त्याला 'बायल्या' म्हणून रांगेबाहेर ढकललं. निळा झेंडा माझ्या हातात होता. मी हसलो. तो पुन्हा कधी मिरवणुकीत आला नाही.

१९७२ ला दलित पँथरनं काळ्या पँथरांचं नाव घेतलं. त्यांचा पुढारी ह्युई न्यूटन १९७० च्या ऑगस्टमध्येच जाहीर बोलला होता, की समलिंगी माणसंही आपल्या लढ्यातली सोबती आहेत. नाव आपण उचललं. हे भाषण राहिलं.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कायद्याचं दार उघडलं. वस्तीचं दार कोर्ट उघडत नसतं. त्याची कडी आतून आहे, आपल्याच हातात.

येत्या जयंतीला त्याला बोलवायला मी जाणार आहे. कोण येतंय सोबत?