संघ सोडला, नोकरी राहिली

जळगांव, अमळनेर, धुळें हीं एके काळीं गिरणीच्या भोंग्यावर उठणारीं गांवें. १९८२ सालीं मी धुळ्यास नुकताच शिक्षक झालों होतों. एका संध्याकाळीं माझ्या विद्यार्थ्याचे वडील, एका गिरणींतील साचेवाले, दारांत येऊन उभे राहिले. "गुरुजी, संघ सोडा ते नोकरी जाई का?" त्यांच्या दंडाच्या तक्रारीची संघानें दाद घेतली नव्हती, वर्गणी मात्र पगारांतून बिनचूक कापली जात होती.

मीं सांगितलें, नोकरीचा करार गिरणीशीं आणि सभासदत्वाचा संबंध संघाशीं. एक सुटल्यानें दुसरा सुटत नाहीं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानें तर संघांत येण्याची जबरदस्ती करणें ही संघाची अनुचित प्रथा ठरविली होती. मग आम्हीं दोन पत्रें लिहिलीं. पहिलें संघाच्या चिटणीसास, राजीनाम्याचें. दुसरें गिरणीच्या कचेरीस, वर्गणी कापण्यास दिलेली संमति परत घेतल्याचें. हें दुसरें पत्र विसरलें, तर नांव निघतें आणि पैसे कापले जातच राहतात. दोन्ही पत्रांची पोच घ्या, असेंही मीं बजावलें.

परंतु एक कटु गोष्टही सांगणें भाग होतें. गिरण्यांना लागू असलेल्या १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वयें प्रातिनिधिक संघ सर्वांच्या वतीनें बोले आणि त्याचा करार बिनसभासदासही बांधी. त्याच वर्षीं १८ जानेवारीस मुंबईंत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. तरी कायद्याच्या दृष्टीनें प्रतिनिधि राहिला तो राष्ट्रीय मिल मजदूर संघच. सारांश, एकट्यानें संघ सोडतां येतो, पण संघाच्या करारांतून सुटतां येत नाहीं.

तें ऐकून ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. आठ दिवस पत्रें त्यांच्या खिशांत होतीं. अखेर त्यांनीं तीं स्वतः नेऊन दिलीं. नोकरी गेली नाहीं. कांहीं सोबत्यांनीं मात्र चहाला हांक मारणें सोडलें. तें कोणत्याही कायद्यांत लिहिलेलें नव्हतें.

पुढें ती गिरणीच बंद पडली. थकबाकीसाठीं सभासद आणि बिनसभासद एकाच रांगेंत उभे राहिले, आणि अर्ज लिहिण्यास सगळे माझ्याकडेच आले. त्या दिवशीं, श्रोतेहो, ओट्यावर त्यांनीं एकत्र चहा घेतला.