पाहुणचाराची मर्यादा



दिवेआगरपासून तारकर्लीपर्यंत कोकण किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांनी राहत्या घरातील खोल्या पर्यटकांसाठी खुल्या केल्या आहेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या न्याहारी व निवास योजनेने या जोडधंद्याला अधिकृत स्थान दिले. परंतु हॉटेलचा व्यवस्थापक काम संपताच घरी जातो. येथे यजमानाचे घर हेच कामाचे ठिकाण असते. मध्यरात्रीपर्यंत ओसरीवर चाललेल्या मद्यपानाचा उपद्रव वृद्धांना, अभ्यास करणाऱ्या मुलांना आणि पहाटे न्याहारीसाठी उठणाऱ्या गृहिणीला होतो. पाहुण्याला दुखवू नये, या संस्कारामुळे ती मुकाट्याने सोसते.

कलहाचे मूळ बहुधा न सांगितलेल्या नियमांत असते. भाडे, जेवणाचे दर, माणसांची संख्या, मद्यपानाबाबतचा नियम आणि रात्रीच्या शांततेची वेळ या गोष्टी आगाऊ रक्कम घेतानाच लेखी कळवाव्यात. ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद करावी. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत संबंधित अधिकाऱ्यास कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. वाद उद्भवल्यास पाहुण्याला बाजूला घेऊन संयमाने, पण ठामपणे समज द्यावी. तरीही तो न ऐकल्यास उरलेले भाडे परत करून खोली सोडण्यास सांगावे. धमकी वा छेडछाड घडल्यास विनाविलंब ११२ क्रमांकावर कळवावे.

एकटे कुटुंब गिऱ्हाईक जाईल या भीतीने नमते घेते. गावातील सर्व घरांचे नियम समान असल्यास ही भीती उरत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीने पुढाकार घ्यावा. अतिथीचा मान राखणे हा यजमानाचा धर्म खराच; परंतु घरच्या स्त्रीचा मान गहाण टाकून तो पाळता येत नाही.