पेशी न मारता पेशीची चौकशी



मी युनियनचा माणूस. शाळा सातवीतच सुटलेली. पण गिरणीत कापडाची मजबुती कशी पाहतात, ते मला ठाऊक आहे. तुकडा यंत्रात ताणून फाडतात. फाटला की तो गेला. प्रयोगशाळेतही पुष्कळदा असेच चालते. मूळपेशीची मज्जापेशी झाली की नाही, हे पाहायला ती मारून रंगवायची. मग रोग्याला द्यायची कोणती? जपानात क्योतोला २०१८ साली कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत अशा पेशी घालून पाहण्यास आरंभ झाला. त्यांत एखादी कच्ची राहिली, तर गाठ होण्याची भीती.

यावर तोड चिपची. १९५६ साली अमेरिकेत लेलंड क्लार्क यांनी प्राणवायू मोजणारे विद्युदग्र प्रसिद्ध केले. पातळ पडद्यातून झिरपलेला प्राणवायू प्लॅटिनमपाशी इलेक्ट्रॉन घेतो. जितका प्राणवायू, तितका विजेचा प्रवाह. आता अशी सूक्ष्म विद्युदग्रे पेशींच्या तळाशीच बसवतात. पेशी डोपामीन सोडू लागली, तर रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन पदरात पडतात. कामगार कामाला लागल्याची ती हजेरीच म्हणा ना!

मात्र एक गोम आहे. मोजणारे विद्युदग्र स्वतःच प्राणवायू खाते. (आमच्या कामाची वेळ मोजायला आलेला साहेब आमच्याच डब्यात जेवायचा, तशातली गत.) म्हणून त्याचे टोक होईल तितके बारीक ठेवतात. शिवाय द्रवातली प्रथिने त्यावर चिकटतात आणि आकडा उतरत जातो. तेव्हा पेशी थकली की विद्युदग्र, हे ठरवायला ते माहितीतल्या द्रावणात पुन्हा तपासून घ्यावे लागते.